आपसी बदली

कोकरेवाडीच्या शाळेत हजेरी दारात व्हायची, आणि तीही हातानं. तसं सरकारी हजेरीपुस्तक होतं, केंद्रप्रमुख आले की ते आधी पुढं करावं लागे. पण ते नंतर. आधी प्रतिभाबाई वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याला एकच काहीतरी विचारायच्या. म्हैस व्याली का? डोळे लाल का? कालचा रुसवा गेला का अजून दप्तरात घालून आणलाय? पाचवी, सहावी, सातवी मिळून सव्वीस पोरं, एक खोली, एक बाई. "बाई, परिपाठाला उशीर होतोय," असं हेडमास्तर सोपानराव रोज म्हणायचे आणि रोज तेवढं म्हणून गप्प बसायचे. पोरं शाळेत टिकत होती आणि त्याबद्दल वरचे साहेब कौतुक सोपानरावांचंच करत होते, मग बोलायचं कुणी?

ही रीत प्रतिभा डी.एड.ला शिकली नव्हती. ती शिकवली गेणबा कोकऱ्यांनी. घोड नदीच्या कालव्याचं पाणी आलं तशी वाडीतली मेंढरं गेली, ऊस आला, जाणती पोरं रांजणगावच्या कंपनीच्या बसमध्ये बसू लागली. तरी गेणबांनी चाळीसेक मेंढरं हट्टानं ठेवली होती. संध्याकाळी जाळीच्या कुंपणाला एकच फट ठेवून म्हातारा तिथं उकिडवा बसायचा आणि आत जाणाऱ्या एकेका मेंढीच्या पाठीवर हात फिरवायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी प्रतिभानं विचारलं होतं, "आबा, मोजताय का?"

"मोजल्यानं कळप कळतो, बाई," गेणबा म्हणाले. "मेंढरू हात लावल्याबिगर कळत न्हाई. कुणाचं अंग तापलंय, कुणाला काटा रुतलाय, ते मोजून कसं दिसंल?"

प्रतिभानं ते उचललं, आणि त्यात स्वतःची भर घातली. गेणबांची नात म्हाळसा दिवाळीनंतर आईबापाबरोबर मेंढरांचा वाडा घेऊन, मुक्काम करत करत, खाली कोकणच्या वाटेला जायची आणि होळीच्या सुमाराला कुणा पाहुण्याबरोबर परत यायची. चार महिन्यांचा अभ्यास बुडालेला. वर्गात बसली की मान खाली, आणि चौथ्या दिवशी शाळेला दांडी. प्रतिभानं तिला रागावलं नाही, की मागचं भरून काढ असंही म्हटलं नाही. रोज शाळा सुटल्यावर तिला पंधरा मिनिटं बसवून ती उद्याचा धडा आजच शिकवायची. दुसऱ्या दिवशी वर्गाला प्रश्न विचारला की पहिला हात म्हाळसाचा. मागचं राहिलं होतं ते राहिलंच होतं, पण मान वर आली होती, आणि वर आलेल्या मानेनं पोर मागचंही ओढून काढतं. आठवड्याभरात म्हाळसा बाईंच्या आधी येऊन दारात उभी राहू लागली.

अशा या बाईंना स्वतःचीही एक मुलगी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हर्षदा तिकडं दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या अलीकडं रासकरमळ्यात, आजीजवळ वाढत होती. प्रतिभाला नोकरी लागली तेव्हा पोर पाच वर्षांची होती. वर्षभरात बदली होईल, असं सगळे म्हणाले. नवरा ज्ञानेश कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला, मळ्यात मोगरा आणि शेवंती, सासूबाई अनसाबाई खमक्या. वर्षभरासाठी पोरीला कुठं परक्या खोलीत न्यायची? पण 'वर्षभरात' हा सरकारी शब्द आहे, त्याला शेवट नसतो. त्या वर्षभराला आता सहावं वर्ष चालू होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रतिभा जीपनं न्हावऱ्याला यायची, तिथून चौफुला, तिथून मिळेल ती एसटी. मळ्यात पोचेस्तोवर चार वाजायचे. सोमवारी पहाटे साडेचारला परत निघायचं. निघताना हर्षदा भिंतीकडं तोंड करून गाढ झोपलेली असायची. बरं आहे, प्रतिभाला वाटायचं, निदान पोरीला त्रास नाही. आणि मग एसटीत खिडकीला डोकं टेकलं की तो त्रास तिलाच होत असायचा.

कारण हर्षदा बोलत नव्हती. भांडत नव्हती, रुसत नव्हती, नुसती बोलत नव्हती. "शाळेत काय झालं?" "काही न्हाई." "डबा कुणाबरोबर खाल्ला?" "मुलींबरोबर." दीड दिवसात आईच्या वाट्याला मोजून दहा-बारा शब्द यायचे, आणि त्यातले निम्मे 'हं' असायचे. कोकरेवाडीची सव्वीस पोरं जिच्यापाशी पोटातलं सगळं ओकून मोकळी व्हायची, तिला आपल्या पोटच्या पोरीच्या पोटात काय आहे याचा पत्ता नव्हता. एक वाक्य, मनातून आलेलं एकच सबंध वाक्य लेकीच्या तोंडून ऐकावं, एवढीच तिची आस उरली होती.

शेवटी तिनं आपली हुकमी रीत घरी आणली. एका शनिवारी हर्षदा विहिरीच्या मोटारीवर हातपाय धुऊन आली, तशी प्रतिभा दारात उभी राहिली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आज कशानं दमलीस गं?"

हर्षदानं वर बघितलं. "हे तर आमच्या शितलबाई करतात," ती म्हणाली. "तू त्यांचं बघून करतीस का?"

पिकतं तिथं विकत नाही, हे खरं. प्रतिभा हसली, हात काढून घेतला आणि चहा टाकायला आत गेली. चहा उतू गेला.

शितलबाई म्हणजे हर्षदाच्या वर्गशिक्षिका. पाचवीलाही त्याच, सहावीलाही त्याच. पालकसभांना ज्ञानेश जायचा, कारण सभा मधल्या वारी असायच्या. तो येऊन सांगायचा, "बाई चांगल्या हायेत." बापमाणसांचा अहवाल एवढाच असतो.

त्याच ज्ञानेशनं हिवाळ्यात बातमी आणली. शितलबाईंचं सासर-माहेर दोन्ही शिरूरचं, नवरा रांजणगावला कंपनीत, त्यांनाही तिकडं, म्हणजे कोकरेवाडीच्याच शिरूर तालुक्यात जायचंय. आता दोन शिक्षिका एकमेकींच्या जागी जायला राजी असल्या, तर दोघींनी मिळून अर्ज करायचा. त्याला आपसी बदली म्हणतात. बाकी सगळ्या बदल्या वरून होतात, ही तेवढी आपसात.

प्रतिभाला आकाश ठेंगणं झालं. नुसतं घरी येणं नव्हे, लेकीच्याच शाळेत, सातवीला लेकीच्याच वर्गावर! पंचायत समितीच्या कचेरीत दोघी दहा मिनिटं भेटल्या, सह्या केल्या, आणि आपापली गाडी गाठायला धावल्या. शितलबाई उंच, सावळी, अगदीच तरणी. जाताना तिनं मागं वळून काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण गाडी सुटायला आली होती.

हर्षदाला सांगायचं नाही, असं प्रतिभानं ठरवलं. ऑर्डर हातात पडेपर्यंत कशाचा भरवसा नसतो, उगीच पोरीला आशेला लावायचं आणि तोंडघशी पाडायचं. शिवाय अचानक सांगितल्यावर तिचं तोंड कसं होईल, हे सुख तिला मनातल्या मनात रोज थोडं थोडं चाखायचं होतं. वर्गातल्या प्रत्येक पोराला ती जूनमध्येच विचारून ठेवायची, "शाळेत तुझं सगळ्यात जवळचं कोण?" ते माणूस गेलं, आजारी पडलं, तर पोर ढासळतं, म्हणून. आपल्या पोरीला मात्र तिनं हे विचारलं नव्हतं. उत्तर काय येईल याची भीती होती म्हणा, की उत्तर आपणच असणार असं गृहीत होतं म्हणा.

निकाल लागले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर निघाली. प्रतिभा पेढे घेऊनच मळ्यात उतरली. आधी सासूबाईंच्या पाया पडली, मग हर्षदाच्या हातावर पेढा ठेवला. "जूनपासून मी इथंच. तुझ्या शाळेत. तुझ्या वर्गावर."

हर्षदानं पेढा तसाच धरला. "मग शितलबाई?"

"त्या माझ्या शाळेत. अदलाबदल झालीय आमची."

"कायमच्या?"

"हो."

पोरीनं पेढा परत पुड्यात ठेवला, पुडा नीट बंद केला आणि मोगऱ्याच्या वाफ्यांकडं निघून गेली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी 'हं'सुद्धा बंद झालं.

"तुला ठावं न्हाई व्हय?" अनसाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आगं, पोरगी रोज पहाटं उठून कळ्या तोडती. बाईसाठी गजरा. मोगरा नसला तर शेवंतीचं येक फूल तरी."

"मला कधी दिसलं नाही."

"तू असतीस तवा सुट्टी असती. बाई न्हाई, तर फूल कुनासाठी तोडायचं?"

सासूबाईंनी ते टोचायला म्हटलं नव्हतं. त्यांनी भाकरी उलटली आणि दुसरा गोळा घेतला. पण प्रतिभाला ते जिथं लागायचं तिथं लागलं. सहा वर्षं ती ज्या घराकडं डोळे लावून बसली होती, त्या घरात यायला तिनं लेकीचं एकुलतं एक माणूस किंमत म्हणून दिलं होतं, आणि तेही लेकीला न विचारता. जळफळाट झाला, मग त्याची लाज वाटली, मग पुन्हा जळफळाट. दोन रात्री तिला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कारकुनाला फोन करून विचारलं. बदली रद्द करता येते, तो म्हणाला, पण दोघींच्या सह्या लागतील.

प्रतिभानं अर्ज लिहिला, आपली सही केली आणि शाळेत गेली. सुट्टी होती तरी शितलबाई रोज येऊन कपाट आवरत असते, असं ज्ञानेशनं सांगितलं होतं.

शितल वर्गात एकटी होती. तिनं अर्ज उभ्यानंच वाचला. "हर्षदा?" तिनं विचारलं. प्रतिभानं मान हलवली.

शितल बाकावर बसली, पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं. "माझा रुद्र अडीच वर्षांचा आहे," ती खाली बघत म्हणाली. "शिरूरला माझ्या आईकडं. माझ्या आईला तो आई म्हणतो. माझी धाकटी बहीण मला ताई म्हणते ना, म्हणून तोही मला ताई म्हणतो. घरचे हसतात. मीपण हसते." तिनं पेन अर्जावर टेकवलं. "तुम्हाला थांबवायला नाही सांगत, बाई. तुमची लेक मोठी आहे, तिला कळतंय, तिचं जास्त दुखत असेल. मी सही करते."

प्रतिभानं तिच्या हाताखालून कागद ओढून घेतला. एक तिरकी निळी रेघ कागदावर उमटली. तिनं त्याची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि आपण काय करतोय ते स्वतःला कळायच्या आत फाडून टाकला. बाहेर कुणाची तरी शेळी व्हरांड्यात चढली होती, तिला हाकलायला शितल उठली आणि येताना डोळे पुसून आली.

"मग मला पोरं द्या तुमची," प्रतिभा म्हणाली. "नावं नकोत, ती हजेरीत आहेत. पोरं द्या."

शितल हसली. "ही बोली तुमचीच. दोन वर्षांपूर्वी दौंडच्या शिबिरात तुम्ही बोलला होतात. दारातली हजेरी, मेंढरांवरचा हात. मी शेवटच्या रांगेत होते. दुसऱ्या दिवसापासून दारात उभी राहायला लागले."

प्रतिभाला ते शिबिर आठवलं. चहा गार होता आणि निम्मे शिक्षक डुलक्या घेत होते. तिथून तिचा स्वतःचाच हात दुसऱ्या कुणाच्या अंगानं फिरून तिच्या लेकीच्या पाठीवर पोचला होता. यावर हसावं की रडावं, ते तिला कळेना. तिनं वही उघडली.

शितल सांगत गेली. हा फळ्यावर बोलावलं की तोतरा होतो, जागेवर बसून अस्खलित बोलतो. हिला वडील नाहीत, 'वडिलांची सही आणा' असं वर्गात म्हणायचं नाही. हा चोरतो, पण फक्त खडू, आणि धाकट्या भावाला शिकवायला नेतो, त्याला दर सोमवारी दोन खडू आपणच द्यायचे. हे दोघं एका बाकावर नकोत, पण एका संघात हवेतच. प्रतिभा भराभर लिहीत होती. बाई पक्की होती, एकही पोर तिच्या हातून सुटलेलं नव्हतं.

"हर्षदा रासकर," शितल म्हणाली आणि थांबली.

"सांगा," प्रतिभा वहीतून वर न बघता म्हणाली. "बाकीच्यांचं सांगताय तसंच."

"शनिवारी हिला काही नवीन शिकवायचं नाही. शनिवारी ती तिथं नसतेच, सगळं लक्ष रस्त्याकडं. आई येणार असते." शितल पुढं सांगू लागली. "आणि सोमवारी वाचायला उभी करायची नाही. घसा बसलेला असतो. पहाटे आई निघते ना, तेव्हा झोपेचं सोंग घेऊन पडते, आणि गाडी गेली की रडते. आजीला कळू नये म्हणून गोधडी तोंडात धरून. पहिले दोन तास आवाज फुटत नाही. मी फळा पुसायला लावते, पाणी आणायला पाठवते. तिसऱ्या तासाला आपली आपण येते."

प्रतिभानं लिहिलं, 'सोमवार. वाचन नको.' पुढचं तिला लिहिता आलं नाही.

"एवढंच सांगणार, बाई," शितल म्हणाली. "हे मी तिला विचारून सांगतेय. काल ती आली होती माझ्याकडं. बाकी ती जे बोलते, ते तिचं आहे."

"नका सांगू," प्रतिभा म्हणाली. "माझ्या पोरांचंही मी तुम्हाला तेवढंच सांगीन." आणि मग तिनं आपली सव्वीस पोरं शितलच्या वहीत एकेक करून उतरवली. म्हाळसापाशी आली तेव्हा तिला पाणी प्यावं लागलं. होळीनंतर उद्याचा धडा आज, पंधरा मिनिटं, विसरू नका, असं तिनं दोनदा सांगितलं. शितलनं दोनदा लिहून घेतलं.

ती मळ्यात परत आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. हर्षदा ओट्यावर बसली होती. आईला बघून उठली नाही, आत पळालीही नाही.

"शितलबाई जाणारच का?" तिनं विचारलं.

"हो."

"तुझ्यामुळं?"

सरकारवर ढकलता आलं असतं. कारकुनावर, साहेबावर, त्या ऑर्डरवर. "हो, माझ्यामुळं," प्रतिभा म्हणाली. "अर्ज मी केला. तुला विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही."

प्रतिभा शेजारी बसली. तिनं जवळ घ्यायला हात पुढं केला, तो पोरीनं झटकला. दुसऱ्यांदा केला, तोही झटकला. तिसऱ्यांदा प्रतिभानं हात पुढं केलाच नाही, तेव्हा पोर आपण होऊन तिच्या मांडीवर कोसळली आणि मोठ्यानं, गळा काढून रडू लागली. "शितलबाई, माझ्या शितलबाई," एवढंच म्हणत होती. सहा वर्षांत पहिल्यांदा लेक आईच्या कुशीत रडत होती, आणि रडत होती दुसऱ्या बाईसाठी. ते सुख होतं आणि त्यातच सुरीही होती. प्रतिभानं दोन्ही घेतलं.

"मलाही माझी म्हाळसा सोडून यावं लागतंय गं," ती म्हणाली. म्हणायचं काहीच नव्हतं, ते आपसूक निघालं. आणि मग तिचाही बांध फुटला. चार माणसांत कधी डोळ्यांतून टिपूस न काढणारी बाई भरदुपारी ओट्यावर हुंदके देऊन रडू लागली.

हर्षदा रडायची थांबली. आई रडताना तिनं कधी पाहिली नव्हती. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि आईच्या तोंडाकडं निरखून बघितलं.

"म्हाळसा कोण?" तिनं विचारलं. तिनं आईच्या पदराला हिसका दिला. "सांग की. कोण हाय ती? कितवीला हाय? ती पण रडली का?"

प्रतिभानं डोळे पुसले आणि सांगायला लागली. मेंढरांचं सांगितलं, कोकणाच्या वाटेचं सांगितलं, खाली गेलेल्या मानेचं सांगितलं. हर्षदा मधे मधे विचारत राहिली आणि आई उत्तरं देत राहिली. जेवायला हाक मारायला अनसाबाई दारापर्यंत आल्या, दोघींना बघून तशाच मागं फिरल्या आणि त्यांनी भाकऱ्या पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवल्या.